धुतलेल्या पेशी

सलग चौथ्यांदा पट्टी उमटली नाही, तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. प्रयोगशाळेतल्या पडद्यावर बारा रकाने होते आणि बाराही कोरे. त्यांतले सहा कोरे असायलाच हवे होते, कारण त्या पेशींतलं एन्झाइम बाईंनी स्वतःच बंद पाडलं होतं. पण उरलेल्या सहांत काळीभोर आडवी पट्टी दिसायला हवी होती. पाच महिन्यांपूर्वी ती तीनदा दिसली होती आणि तिच्याच भरवशावर बाईंनी शोधनिबंध धाडला होता.

मायोसिन, म्हणजे स्नायू आखडवणारं प्रथिन, म्हटलं की लोक दंड फुगवून दाखवतात. बाईंचे दीर तर दर भेटीत दाखवायचे. पण मायोसिन ही काही एकट्या स्नायूंची जहागीर नाही. कातडीच्या साध्या पेशीतही ते असतं. जखम झाली की कडेच्या पेशी सरपटत पुढे येतात आणि आपलं मागचं टोक ओढून घेतात, ते त्याच्याच जोरावर. मात्र मायोसिन आपणहून हलत नाही. कुठल्यातरी एन्झाइमने त्याला फॉस्फेट चिकटवावं लागतं. अशी एन्झाइमं बरीच आहेत. जखमेच्या कडेला हे काम ज्या एन्झाइमचं आहे, त्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलेलं नाही, असं बाईंचं म्हणणं होतं. काळी पट्टी म्हणजे फॉस्फेट चिकटलेलं मायोसिन. पट्टी नाही, तर म्हणणंही नाही.

परीक्षकांनी प्रयोग पुन्हा करून मागितला होता. मुदत शुक्रवारची, आणि आज बुधवार उजाडला होता.

"निबंध मागे घेते, सर," बाई विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या. "चारही वेळा डोळ्यांत तेल घालून केलं. म्हणजे आधीचंच चुकलं असणार."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पत्र लिहिलंस?"

"लिहिलंय. पाठवायचं तेवढं राहिलंय."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत राहू दे. एवढं माझं ऐक."

बाई प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा तंत्रज्ञ काका काचेच्या बाटल्या पुसत होते. कोण कधी काय करतं यावर त्यांचं बारीक लक्ष असे, म्हणून विद्यार्थी पाठीमागे त्यांना पंचनामा म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"हल्ली तुम्ही पेशींना आंघोळ का घालता?"

"आंघोळ?"

"तीन-तीनदा. तीही गार. मग खरवडून नळीत, नळी बर्फात, आणि पेशींची बारावी बशी होईपर्यंत पहिली नळी आपली ताटकळत. काल सकाळी मी घड्याळ लावलं होतं. बावीस मिनिटं."

"नीट करायचं तर असंच करतात, काका. मागच्या वेळी लेकीला पाळणाघरातून आणायची घाई असायची. वरचा द्रव ओतून टाकायचा आणि उकळतं द्रावण थेट बशीत. कसंतरी उरकत होते मी."

"तेव्हा पट्टी यायची."

"यायची."

"आणि नीट करायला लागलात तशी गेली."

बाईंनी नळ्यांच्या बर्फाकडे वळून पाहिलं.

बावीस मिनिटं. फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम असतं तसं ते काढून घेणारंही असतं. बशीवरून खरवडून सुटलेल्या पेशीत चिकटवणारं थंडावतं, काढणारं मात्र बर्फातही पुरतं झोपत नाही. त्याला रोखणारं औषध बाई अगदी शेवटच्या द्रावणात घालत होत्या. तोवर त्याने बिनबोभाट सगळं फस्त केलेलं असणार. उकळतं द्रावण पडलं असतं तर दोघांचाही कारभार जागच्या जागी थांबला असता.

"हे मी पहिल्या वर्षाला शिकवते, काका," बाई हळूच म्हणाल्या. "एखाद्या मुलीने केलं असतं तर फाडून खाल्लं असतं तिला."

"तिच्या मागे उभं राहायला तुम्ही असता. तुमच्या मागे कोण उभं राहणार? मीच."

बाईंनी लगेच बारा बशा घेतल्या. सगळ्यांतल्या पेशींच्या थरावर जखमेचे ओरखडे ओढले. चार बशा आंघोळीच्या, चार बिनआंघोळीच्या, आणि चार बिनआंघोळीच्या पण एन्झाइम बंद पाडलेल्या. काकांनी बशांच्या झाकणांवर हेच शब्द लिहिले, आणि बाईंनी ते खोडले नाहीत.

गुरुवारी दुपारी दोघं पडद्यासमोर उभी होती. पहिले चार रकाने कोरे. पुढच्या चारांत पट्ट्या हळूहळू गडद होत गेल्या, शेजारी शेजारी, ठसठशीत. शेवटचे चार कोरे. बाईंनी रकाने मोजले, मग उलट्या बाजूने मोजले.

"आहेत तेवढेच आहेत," काका म्हणाले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या जवळच्या स्टुलावर बसल्या. बसल्या बसल्याच त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, निबंध राहतोय. चूक माझीच होती, आत्ताच्या चार वेळची. आंघोळ घातलेले रकानेही निबंधात जोडते."

"कसली आंघोळ?"

"येऊन सांगते."

"ये. आणि आधी काहीतरी खा. काल तुझा चेहरा बघवत नव्हता."

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला सडकून भूक लागली आहे. त्यांचा स्वतःचा डबा घरीच राहिला होता. काकांनी न विचारता आपला डबा उघडून पुढे सरकवला. बाई तिथेच बसून खात सुटल्या, दोन दिवसांचं एकदम.

"सावकाश," काका म्हणाले. "आणि चार घास माझ्यासाठी ठेवा. मी तुमच्याकडे बघून पोट भरणारा माणूस नाही."