गाडीची भाकरी

वाडीत मुक्कामाला येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण द्यायची पाळी घरोघर फिरायची. तिला सगळे गाडीची भाकरी म्हणत. शेवटच्या मुक्कामाला पाळी आली झुंबरबाईची.

डिझेल आटत चाललं तशी वाडी आधीच सावध झाली होती. म्हातारा आकाराम मारुतीच्या देवळात बैठका घ्यायचा. ट्रॅक्टर शेडात गेला, बैल गोठ्यात आले. दूध बैलगाडीनं खालच्या गावात टँकरपर्यंत न्यायचं ठरलं. आजारी माणसं नि बाळंतिणींसाठी एक बॅरल डिझेल कुलपात ठेवलं. आता मुक्कामाची गाडी बंद होणार, हेही आकारामनं सांगितलं.

"आन् माझ्या तेजस्वीची बारावी?" झुंबरबाईनं विचारलं. रोज पहाटेच्या गाडीनं गारगोटीला जाणारी वाडीतली ती एकच पोर.

"वयनी, दुधाच्या कॅनावर बसवतो की!" तिचा दीर कृष्णात म्हणाला. दुधाची बैलगाडी त्याच्याकडं होती. "पेपर सुटायच्या येळंला पोचंल बघा."

सगळे हसले. झुंबरबाईसुद्धा हसली. चालत धाडावं, तर रानात गव्यांचा कळप उतरलेला. बॅरलातलं थोडं मागावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण समोरच कृष्णातची सून वर्षाराणी बसली होती, पोटावर हात ठेवून. दिवस भरत आलेले. झुंबरबाईनं शब्द गिळला.

लेक गारगोटीत मावशीकडं राहील, असं तिनं घरी येऊन ठरवलं. नवरा गेल्यापासून त्या घरात दोनच ताटं होती.

शेवटच्या संध्याकाळी तिनं भाकरी, पिठलं नि मिरचीचा खरडा गाडीपाशी नेला.

"मावशी, खरडा आमी खाल्ला," कंडक्टर म्हणाला, "आन् पाणी तुमच्या डोळ्यात?"

"खावा गप, पावणं. भाकरी निवत्यात."

सकाळी तेजस्वी पेटी घेऊन गाडीत चढली. "आई, परीक्षा झाली की चालत येतो."

"एकटी येऊ नगंस. गवं हाईत."

"मग कुणासंगं येऊ?"

गाडी हलली. वळणाआड आवाज बुडाला तरी झुंबरबाई ऐकतच उभी राहिली. घरी येऊन जात्यापाशी बसली, आणि कितीतरी वर्षांनी गळ्यातून ओवी निघाली:

गाडी घाटाच्या वळणी, मागं धुळीची गं रांग
माझ्या लेकीला, गं वाटं, माझी खुशाली तू सांग

महिना गेला. एका संध्याकाळी कृष्णात दुधाची गाडी घेऊन वर आला, तर थांब्यावर झुंबरबाई फडक्यात भाकरी बांधून बसलेली.

"वयनी, एस.टी. बंद झाली की."

"म्हाईत हाय. हात इसरत न्हाईत. थापताना दोघींच्या चार झाल्या."

कृष्णातनं बैल सोडले. भाकरी हातात घेतली, पण तोंडाशी नेली नाही. देवळातलं त्या दिवशीचं हसू त्याला आठवलं असावं.

"परीक्षा संपली की बैलगाडी गारगोटीला नेतो," तो खाली बघत म्हणाला. "पोरीला आणतो. दोन दीस दूध नासलं तर नासू दे."

"दूध कशाला नासवायचं?" ती म्हणाली. "खावा आधी."

तो खाऊ लागला. ती घाटाकडं तोंड करून बसली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि त्यांच्या मागं ती दुसराच आवाज शोधत होती.