पत्र्याखालची पाटी

म्हातारपणी काही माणसांना नटायची हौस येते, तशी ती आमच्या मेन स्ट्रीटला आली. दिव्यांच्या खांबांवर फुलांच्या टोपल्या लटकल्या, बँकेवरचं घड्याळ कित्येक वर्षांनी चालू झालं आणि शनिवारी मिनियापोलिसची माणसं दीड-दोन तास गाडी हाणत येऊन आमच्या विटांच्या भिंतींचे फोटो काढायला लागली. या भिंतींकडे आम्ही जन्मात कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मी तर त्यांच्याकडे पाठ करून चाळीस वर्षं खिळे विकले.

अख्ख्या रस्त्यावर एकच दुकान तेवढं पत्रा पांघरून उभं होतं. ते आमचं.

हे पत्रे आले माझ्या लहानपणी. हमरस्त्याला मोठमोठी दुकानं निघाली, तेव्हा मेन स्ट्रीटवाले घाबरले आणि आपण जुनाट दिसू नये म्हणून एकेकाने दुकानाच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून घेतले. माझे वडील, सेल्मर हॉगेन, तेव्हा सगळ्यांची टर उडवायचे. "म्हाताऱ्या गाईला हिरवा रंग फासला म्हणून काय ट्रॅक्टर होते का ती?" असं गिऱ्हाइकांना विचारायचे. आमच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांखाली, विटांवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: हॉगेन अँड सन. माझा भाऊ कर्टिस शाळा संपवून दुकानात उभा राहिला त्या वसंतात बाबांनी ती पाटी रंगवून घेतली होती. रंगाऱ्याने गंमत म्हणून शेवटचं अक्षर कर्टिसला रंगवायला दिलं. तो वर चढला. शिडी मी धरली होती.

पुढच्याच वर्षी तो व्हिएतनामला गेला, आणि आला तो पेटीतून, झेंड्यात गुंडाळून. त्याला पुरून महिना झाला नसेल, बाबांनी पत्रा मागवला. गावाला वाटलं, सेल्मरलाही शेवटी नवं वारं लागलं. खरं कारण आईला आणि मला ठाऊक होतं. पाटी पुसायला बाबांचा हात धजत नव्हता आणि वाचायला डोळे. म्हणून पत्रा.

त्यानंतर ते दुकानात यायचे खरे, पण खिळ्यांच्या खणांपाशी स्टूल टाकून बसून राहायचे. कुणी बिजागरी मागितली की म्हणायचे, "बघा तिकडे." माझी शाळा संपली तेव्हा मी विनोनाला शिकायला जायची होते, मास्तरीण व्हायला. खोलीची अनामतसुद्धा भरली होती. नाही गेले. एप्रन बांधला आणि गल्ल्यावर उभी राहिले, ती राहिलेच. मधल्या काळात लग्न केलं, मोडलं, आईला पोचवलं, छप्पर दोनदा बदललं. फिरते विक्रेते यायचे आणि म्हणायचे, "मुली, मालक कुठायत?" केस पांढरे झाल्यावर म्हणायला लागले, "बाई, मालकांना बोलावता का?" मी म्हणायची, "मालक डुलकी काढतायत, तुम्ही माझ्याशीच भांडा." मालक खरंच डुलकी काढत असायचे.

आता या नटण्यामुरडण्याचं सगळं खूळ डार्लीनचं. डार्लीन व्हॉसचं दुकान आमच्या अगदी समोर, तिथे ती 'पाय' विकते, फळांचं गोड सारण भरून भाजलेले. तिने मेन स्ट्रीट समिती काढली आणि मला तीत ओढली. समिती अर्धा खर्च देणार, दुकानदारांनी पत्रे काढायचे, खालच्या विटा धुऊन घ्यायच्या. एकेक दुकान उघडं पडत गेलं. भिंतींवर जुनी अक्षरं निघाली, कुठे पिठाची जाहिरात, कुठे शिंप्याचं नाव, पण इतकी पुसट की डोळे बारीक करून बघावं लागायचं. तरी माणसं खूश. मग केमिस्टचं जुनं दुकान कुणा बाहेरच्याने विकत घेतलं आणि पिठाच्या जाहिरातीवर सरळ राखाडी रंग फिरवला. माझं डोकंच सणकलं. समितीत मी टेबलावर हात आपटून नियम करून घेतला, की जुनी पाटी निघाली तर ती झाकायची नाही, तिच्यावर रंग नाही आणि त्या भिंतीवर दुसरी पाटीही नाही. सगळ्यांनी हात वर केले. डार्लीन म्हणाली, "मार्लिस, तू वकील व्हायला हवी होतीस." मला बरं वाटलं.

राहिलं आमचं दुकान. बाबा ऐकेनात. समितीचा विषय काढला की कानातलं यंत्र काढून खिशात टाकायचे. शेवटी मीच एका रविवारी, चर्चहून आल्यावर, त्यांच्यापुढे ऱ्हुबार्बचा गोड 'पाय' ठेवला. ऱ्हुबार्ब म्हणजे आमच्या परसातले आंबट लाल देठ, आई ते साखरेच्या पाकात शिजवायची. यंत्र कानात आहे याची खात्री करून घेतली.

"बाबा, पत्र्याखाली आता काही उरलेलं नसणार. डार्लीनकडे बघा, बाकीच्यांच्या भिंती बघा. सगळं उडालंय. कोऱ्या विटा निघतील."

ते खात राहिले.

"मग नवी पाटी लावू."

"काय लिहिणार?"

इतक्या वर्षांत मी हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. "हॉगेन अँड डॉटर," मी म्हणाले.

त्यांनी काटा खाली ठेवला. "लोक हसतील," ते म्हणाले.

"हसू देत. हसता हसता खिळे घेतील."

मग तेही हसले. ओठांना लागलेला पाक पुसत म्हणाले, "चालेल. कर मग तुझ्या मनासारखं."

खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. एकोणसाठ वर्षांची घोडी. दोनदा म्हटलं. मग रडले, मग तोंड धुऊन बाहेर आले.

पत्रा काढायचा दिवस ठरला. दोन माणसं पहारी घेऊन आली. डार्लीनने सगळ्यांना कॉफी दिली. बाबांना आम्ही समोरच्या फुटपाथवर घडीच्या खुर्चीत बसवलं. पहिला पत्रा सुटला तेव्हा चिमण्यांची जुनी घरटी आणि मूठभर धूळ खाली आली, गर्दी खोकली. दुसरा पत्रा सुटला. आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या.

अक्षरं जशीच्या तशी होती. दुधी रंग, काळी कड, काल रंगाऱ्याने शिडी उचलून नेली असावी इतकी ताजी. हार्डवेअरच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला एवढी साधी गोष्ट कळू नये? रंग उडतो तो उन्हाने आणि बर्फाने. बाकीच्या पाट्या उघड्या होत्या तोवरच अर्ध्या उडून गेल्या होत्या, पत्रे आले ते नंतर. आमच्या पाटीने मात्र जेमतेम दीड वर्ष ऊन पाहिलं. बाबांनी ती दिसू नये म्हणून झाकली आणि झाकली म्हणूनच ती राहिली.

शेवटचा पत्रा उतरला आणि 'सन' दिसलं. शेवटचं अक्षर उजवीकडे कललेलं. बाबा खुर्चीतून उठले, कुणाचा आधार न घेता. टोपी काढली.

"वाकडंच आलं होतं," ते म्हणाले. "मी त्याला म्हटलं होतं, वाकडं झालंय. म्हणाला, राहू दे, उद्या येऊन सरळ करीन."

डार्लीन रडायला लागली, तिच्या दुकानातल्या पोरी रडायला लागल्या. मीही रडले. पण माझं रडणं सगळं त्याच्यासाठी नव्हतं, आणि ते मला रडतानाच कळत होतं.

समितीची बैठक चर्चच्या तळघरात भरली. डार्लीनने माझाच नियम वाचून दाखवला आणि चष्मा काढला.

"मार्लिस, तूच लिहिलायस गं हा."

"माहितीये. अक्षर ओळखते मी माझं."

"एक वाट आहे," ती म्हणाली. "मालकाने स्वतः मागितलं तर समिती सूट देऊ शकते. पाटीवर रंग नाही लावायचा, पुढे फळी बसवायची नुसती. खालची पाटी राहील सुरक्षित. सगळे तयार आहेत. सेल्मर, तुम्ही फक्त हो म्हणा."

तिने माझ्याकडे बघून मान डोलावली. चांगली बाई आहे ती. घरोघर जाऊन प्रत्येकाला तयार करून आली असणार.

सगळे बाबांकडे बघत होते. मालक अजून तेच होते, कागदोपत्री. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली होती आणि तिची कड बोटांनी फिरवत होते. मी मनात म्हणत होते, बाबा, एक शब्द. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. एकच शब्द बोला.

"मी त्याला एकदा झाकलं," बाबा म्हणाले. "आता पुन्हा नाही झाकवणार मला."

डार्लीन पुढच्या विषयावर गेली, फुलांना पाणी कुणी घालायचं.

घरी येताना गाडी मी चालवत होते. धान्याच्या कोठाराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, तुझं काय, तुला अख्खं गाव ओळखतं. त्याला ओळखणारं आता कोण उरलंय?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"रागावलीस?"

"नाही हो."

रागावले होते. आणि राग बाबांवर असता तर परवडलं असतं. तो होता एकोणीस वर्षांच्या पोरावर, ज्याने मला सायकल शिकवली आणि जो शिडीवरून माझ्या डोक्यावर मुद्दाम रंगाचे थेंब पाडत होता. मला मेलेल्या भावाचा हेवा वाटत होता. तो असता तर त्यानेच दुसऱ्या दिवशी शिडी लावून 'अँड सिस्टर' असं वाकड्या अक्षरांत लिहून टाकलं असतं आणि बाबा हसले असते. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानेच जास्त लागत होतं.

त्या उन्हाळ्यात बाबांना नवं आयुष्य मिळालं. रोज सकाळी दाढी करून ते दुकानाबाहेरच्या बाकावर बसायला लागले. येणारा प्रत्येक पाहुणा पाटी वाचायचा आणि तोच विनोद करायचा: "आजोबा, तुम्ही हॉगेन की सन?"

"मी हॉगेन," बाबा म्हणायचे आणि वर बोट दाखवायचे. "सन तो तिथे. शेवटचं अक्षर त्याच्या हातचं आहे." मग पुढची अर्धी घटका कर्टिस. मासे पकडणारा कर्टिस, ट्रॅक्टर खड्ड्यात घालणारा कर्टिस. पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने ते नाव घरात उच्चारलं नव्हतं, तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना ते पोटभर सांगत होता. आत मी किल्ल्या कापत ऐकत असायची. कशी म्हणू की हे वाईट झालं? रात्री त्यांना झोप लागायला लागली होती.

सप्टेंबरात एका मासिकाने फोटोवाली पाठवली. जुन्या मेन स्ट्रीटवर काहीतरी करत होते, मुखपृष्ठावर आमचं दुकान. मी बाबांना इस्त्रीचा सदरा घातला, कॉलर नीट केली आणि दारात त्यांच्या शेजारी उभी राहिले. एप्रन काढायचं राहून गेलं होतं.

पोरगी रस्त्याच्या मधोमध उभी राहून कॅमेऱ्यातून बघत होती. चांगली हसतमुख पोरगी. तिने डोकं वर केलं.

"बाई, तुम्ही जरा बाजूला होता का? नुसते मालक आणि पाटी हवेत. म्हणजे गोष्ट नीट कळेल."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि ते काहीतरी बोलणार हे मला दिसलं. तोंड उघडलं होतं त्यांनी. क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील, दुकान हीच चालवते.

त्यांनी वर पाटीकडे एकदा बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मार्लिस," ते म्हणाले, "एवढी माझी टोपी धर."

मी टोपी धरली आणि बाजूला झाले. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, कोठाराच्या कुलपाची किल्ली करून हवी होती. मी टोपी हातात घेऊनच आत गेले.