चिमणाचं बाळसं

संस्थान मोडून कोल्हापूर मुंबई प्रांतात गेलं, त्या चैत्रात चिमणानं बाळसं धरलं. सहा वर्षांची पोर, आजवर नुसती काडी, आणि बघता बघता गाल टम्म. सगळ्यात जास्त हरखली तिची आजी तानाबाई. "माझ्या जोतिबानं ऐकलं गं!" म्हणत तिनं नातीच्या गालाला तीट लावली आणि लगेच नवस फेडायला घेतला. पोरीच्या भाराइतका गूळ वाटायचा.

चिमणाचा बाप आकाराम शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर मापाडी. त्यानं मोठ्या ताजव्याच्या एका पारड्यात लेक बसवली, दुसऱ्यात गूळ. बावीस शेर भरली.

"मापाडी, ढेप झ्याक उतरलीया की!" हमाल ओरडला. विठा, चिमणाची आई, पदराआड हसत होती.

तो गूळ आठवला की आता विठा स्वतःलाच बोल लावायची. बाळसं कसलं, पाणी होतं ते. पुढं पुढं सकाळी पोरीचे डोळे उघडेनात. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. आपण आई असून पोरीचं दुखणं ताजव्यात तोललं आणि गोड म्हणून गल्लीभर वाटलं!

डॉक्टरांनी मीठ तोडलं, रोज वजन करायला सांगितलं आणि दंडातून रक्त काढून तपासलं.

"मूत्रपिंडं सुजलीत, बाई. लघवीवाटे जायची घाण रक्तात साठतेय. तिचा आकडा चाळिसाच्या आत हवा. हिचा नव्वद आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. उतरला तर पोर सावरतेय."

"आन चढला तर?"

डॉक्टर सुई पुसत राहिले.

रोज सकाळी आकाराम लेकीला खांद्यावर घेऊन अडतीवर जायचा. बावीसचे वीस झाले, वीसचे अठरा. उतरलेल्या प्रत्येक शेराला विठाचा जीव थोडा भांड्यात पडायचा, आणि सासूचा भडका उडायचा.

"पोर वाळाया लागलीया आन तू हसतीस? आई हाईस का कोण हाईस?"

"आत्ती, पाणी उतरतंय त्ये."

"माझ्या नातीचे गाल उतरल्यात, मला दिसतंय की!"

चिमणाचं भांडण वेगळंच. एकदा तिनं आईच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि भोकाड पसरलं. "तुझ्यात मीठ हाय! मलाच न्हाय!" त्या दिवसापासून विठानंही मीठ सोडलं. मायलेकी एका ताटात जेवायच्या, तोंडं वाकडी करत. कोण जास्त वाकडं करतंय याची शर्यत लागायची. जिंकायची चिमणाच.

पंधराव्या दिवशी सतरा शेर. पावलं पहिल्यासारखी बारीक झालेली. विठा दवाखान्यात गेली ती जवळजवळ पळतच. पुन्हा सुई टोचली. चिमणा या वेळी रडलीही नाही, आईच्या कुशीत डोकं टाकून पडून राहिली. तिला मळमळत होतं. उन्हामुळं असेल, असं विठानं मनाला सांगितलं.

संध्याकाळी आकारामही दवाखान्यात आला, आणि डॉक्टर चिठ्ठी घेऊन बाहेर आले. दोघांकडं बघता बघता त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

"एकशे साठ."

"पर सूज तर उतरली की, डाक्टर!" विठाचा आवाज चिरकला. "ताजव्यानं दावलंय! सतरा शेर!"

"सूज उतरली, बाई. मूत्रपिंडं सावरली नाहीत."

"मग माझं रगत घ्या. सगळं घ्या. चांगलं हाय माझं."

"नवं रक्त घातलं तरी ते गाळणार कोण? गाळणारंच थकलंय." डॉक्टरांनी चिमणाच्या केसांवरून हात फिरवला. "आता पथ्य राहू द्या. मीठ चालेल. मागेल ते द्या तिला."

आकाराम हातातला पटका नुसता पिळत राहिला.

घरी तानाबाई उंबऱ्यातच उभी होती. "काय म्हणला डाक्टर?"

"मीठ द्या म्हणालं," आकाराम कसाबसा बोलला.

"मीठ चालतंय व्हय? मंग बरी झाली म्हणा की! अशी तोंडं पाडून काय आलाय?" म्हातारी काजळाची डबी शोधायला आत पळाली. विठानं तिला काहीच सांगितलं नाही. एका तरी माणसाला आज पोर बरी दिसू दे.

तिनं चूल पेटवली. पिठात मिठाची चिमूट टाकताना हात काटवटीवरच थांबला. इतके दिवस या मिठाचा वाराही पोरीला लागू नये म्हणून तिनं बरणी उतरंडीमागं लपवली होती. मग तिनं चिमूट सोडली, पीठ मळलं, भाकरी थापली.

चिमणानं दोन घास खाल्ले. तेवढेच गेले. "आई, आत्ता भाकरीगत लागतीया." तिसरा तुकडा तिनं आईच्या तोंडाशी धरला. "तू बी खा की. आता तोंड वाकडं करायचं न्हाय."

विठानं घास घेतला. तोंड वाकडं होऊ दिलं नाही.

तानाबाई नातीच्या गालाला तीट लावत लेकाला म्हणाली, "उद्या पयल्यांदा ताजव्यावर ने हिला. बघ कशी भरती त्ये. मी परत गुळाचा नवस बोललीया."

आकारामनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"उद्या नगं, आत्ती," विठानं चिमणाला मांडीवर ओढून घेतलं. सतरा शेर, मांडीला तर काहीच लागत नव्हते. "उद्या ऱ्हाऊ दे तिला माझ्यापाशीच."