डाव्या चिठ्ठीचा उजवा सांधा

बेरिल स्टॅनियरचे लग्न झाले त्या साली, म्हणजे १९६७ च्या उन्हाळ्यात, कव्हेंट्रीच्या एका मोटार कारखान्यात माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना पितळी सांधा आहे. मुठीत मावेन एवढाच. दोन माणसांच्या बुटक्या, उघड्या मोटारीचे पुढचे चाक एका पोलादी खांबावर उभे असते. त्या खांबाचे खालचे टोक माझ्या आट्यांत बसते आणि चाक वळले की माझ्या पोटात फिरते. मोटारीला असे दोन सांधे लागतात, एक डावा आणि एक उजवा. दिसायला आम्ही जुळे. पण डाव्याचे आटे उलटे कापलेले असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा कधीच बसत नाही.

मी उजवा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या पाकिटावर 'डावा' असे लिहिले आहे.

ते लिहिले बेरिलच्या थोरल्या भावाने. सिरिल स्टॅनियर कारखान्याच्या गोदामात सुटे भाग सांभाळत असे. त्याच्या हातून चूक होत नाही, अशी त्याची ख्याती होती. वडील नव्हते, म्हणून बहिणीला चर्चमध्ये हात धरून त्यालाच न्यायचे होते, आणि लग्न दुसऱ्या दिवशी होते. शुक्रवारी दुपारी त्याने घाईघाईत मला मेणकागदात गुंडाळले, पाकिटात घातले आणि शेजारच्या, डाव्या सांध्यांच्या थाळीची चिठ्ठी माझ्यावर चिकटवली. माझी चिठ्ठी कुणा डाव्याला लागली असेल. कुणीतरी त्याला शिव्या घालून लगेच परत पाठवले असेल. तो सुटला. मी अडकलो.

नवरामुलगा नॉर्मन बसवर कंडक्टर होता. त्याने आमच्याच कारखान्याची हिरवी मोटार घेतली होती. लग्नाच्या जेवणात सिरिलने त्याला बजावले, की या सांध्यांत पातळ तेलच घालायचे, ग्रीस घालायचे नाही. ग्रीस आत पोचत नाही, पाणी मात्र पोचते, आणि खांबाला गंज चढून आटे झिजतात. नॉर्मन सगळ्यांसमोर म्हणाला, "आमची अख्खी बस ग्रीसवर चालते, सिरिल. तुझी ही बाहुली चालायची नाही होय?" मांडव हसला. सिरिल हसला नाही. नॉर्मनने पुढे तीस वर्षे ग्रीसच घातले.

१९८० साली कारखाना बंद पडला, तेव्हा मोडीत निघालेल्या मालातून सिरिलने मला रीतसर विकत घेतले. डावा म्हणूनच घेतले. इंग्लंडात मोटारी डाव्या बाजूने धावतात. कडेचे खड्डे, गटारांची झाकणे, साचलेले पाणी, सगळे डाव्या चाकाच्या नशिबी. म्हणून डावा सांधा आधी मरतो आणि शोधायला गेले तर मिळत नाही. पुढे कुठे कुठे नवे बनू लागले, पण त्यांचा धातू मऊ आणि आटे सैल. मग हौशी मोटारवाल्यांत बोलबाला झाला, की स्टॅनियरकडे कारखान्यातला कोरा डावा आहे.

लांबलांबून माणसे परसातल्या त्याच्या लाकडी खोपटात येत. चहा होई. सिरिल हात पुसून मला फडताळातून काढी आणि प्रत्येकाला विचारी, की तेल घालता की ग्रीस. त्याच्या परीक्षेत कुणी उतरले नाही. एकाने नुसते उघडून बघू द्या म्हटले, तर सिरिल म्हणाला, "पाकीट फाडलं की तो जुना झाला." मित्रांनो, उजव्याला एवढा मान कधीच मिळाला नसता. बोलता आले असते तर मी ओरडून खरे सांगितले असते, असे मी म्हणतो. खरे तर त्या कौतुकाची मला सवय झाली होती.

नॉर्मन १९९९ साली गेला. बेरिल अकरा मैलांवरच्या खेड्यात एकटी राहत होती. भाऊ अविवाहित. दर रविवारी ती भाजलेले मांस आणि बटाटे फडक्याखाली झाकून त्याच हिरव्या मोटारीतून त्याच्याकडे येई, कारण रविवारी तिच्या गावाहून बस नसे. २००३ च्या वार्षिक तपासणीत मोटार नापास झाली. डावा सांधा संपला होता. तपासनीस म्हणाला, की चाक कधीही मुडपून पडेल, ही रस्त्यावर काढू नका.

बेरिल शोधायला निघाली. मैदानावर ओल्या गवतात ताडपत्री पसरून जुने भाग विकतात, तिथे ती हिंडली. सगळीकडे उजवे होते. शेवटी ट्रेव्हर नावाच्या म्हाताऱ्या विक्रेत्याकडे एक वापरलेला डावा निघाला. तो म्हणाला, "घेऊन जा बाई. आटे शाबूत आहेत."

"नको. आमच्या सिरिलकडे कोरा आहे," बेरिल म्हणाली. "बहिणीला नाही म्हणायचा नाही तो."

ट्रेव्हरने तो दुसऱ्याला दिला.

सिरिल नाही म्हणाला नाही. तो "बघू" म्हणाला. आता बेरिल सोमवारी दोन बस बदलून थंड जेवण घेऊन येई. तो जेवता जेवता नॉर्मनच्या ग्रीसचा विषय काढी आणि पुन्हा "बघू" म्हणे. असे दीड वर्ष गेले. एका सोमवारी तिने काटा खाली ठेवला.

"ग्रीस नॉर्मननं घातलं, सिरिल. त्याला पुरून सहा वर्षं झाली. मी तेल घालीन, तुझ्यादेखत घालीन. पण आता दे."

सिरिल बराच वेळ ताटातला बटाटा कापत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी ये."

शुक्रवारी त्याने स्वतःच्या हाताने माझे पाकीट उघडले. कुठलाही भाग हातावेगळा करण्याआधी एकदा बसवून बघावा, हा त्याचा गोदामातला जुना शिरस्ता. त्याने शेगड्याच्या लोखंडी जबड्यात एक डावा खांब आवळला, मला तेल लावले आणि फिरवले. मी धरले नाही. त्याने उलटे फिरवले, पुन्हा सुलटे फिरवले. मग चष्मा बदलला, माझे आटे निरखले आणि चिठ्ठीवरचे आपलेच अक्षर वाचले. तो स्टुलावर बसला.

मला वाटले, आता हा फोन उचलेल. मी गाढव निघालो, तू दुसरा शोध, एवढेच सांगायचे होते. त्याने मला जुन्याच घड्यांवर मेणकागदात गुंडाळले आणि पाकिटाला डिंक लावला.

शनिवारी बेरिल पिशवीत तेलाचा नवा डबा घेऊन आली. तो खोपटाच्या दारातच उभा राहिला.

"नाही देत," तो म्हणाला.

"शनिवारी ये म्हणालास ना?"

"म्हणालो होतो. आता नाही देत."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. "ठेव मग. लोणचं घाल त्याचं." डबा पायरीवर ठेवून ती बसथांब्याकडे चालू लागली.

कंजूष म्हणवून घ्यायला तो तयार होता. चुकला म्हणवून घ्यायला नव्हता.

बेरिलने मोटार भंगारात दिली. सोमवारचे जेवण बंद झाले. मी आज एका अनोळखी माणसाच्या कपाटात आहे, आणि तोही पाकीट उघडत नाही.

मित्रांनो, वस्तू जपायची तर वापरून जपा. चिठ्ठी आपल्याच हातची असली तरी आत काय आहे ते बघा. आणि चूक सापडली, तर जिचे नुकसान झाले तिला त्याच दिवशी सांगा. दुसरा दिवस उजाडला की जीभ जड होते.

त्या शनिवारनंतर बहीणभाऊ भेटले नाहीत. बेरिल १४ जानेवारी २००७ रोजी वारली. सिरिल २०११ च्या नोव्हेंबरात वारला.