टोपीखालचं तेल

"आई, तेल नको ना. सरांनी सांगितलंय."

"गप गं. नुसता हात फिरवते."

मुलुंडच्या तरण तलावावर, कपडे बदलायच्या खोलीत, दाराकडे पाठ करून कमलने लेकीच्या केसांना खोबरेल चोळलं. नुसता हात म्हणता म्हणता तळवा दोनदा भरला. वेणीचा अंबाडा घालून तिने वर रबरी टोपी ओढली.

कमल घाटकोपरला एका पार्लरमध्ये बायकांचे केस धुते. 'तेल लावून उतरलं की क्लोरीन केसांत शिरत नाही,' हे तिथल्या मॅडम गिऱ्हाइकांना सांगताना तिने ऐकलेलं. पोहणं शिकवणाऱ्या प्रीतम सरांची पद्धत वेगळी होती. आधी साध्या पाण्याने केस भिजवायचे, मग टोपी, बाहेर आल्याबरोबर शॅम्पू. वर्षभर तेच केलं, तरी तेजलचे केस तांबूस आणि राठ झाले.

रविवारी जेवताना नवऱ्याने, धम्मपालने, तेजलची वेणी हातात धरून पाहिली होती.

"पोरीच्या डोक्याचा झाडू केलास तू. अजून खराब झाले ना, पोहणं बंद."

"अरे, निवड आहे तिची."

"असू दे. केस आधी."

तो बोलला की मागे येत नाही, हे कमलला लग्नापासून ठाऊक. आज उपनगर जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणार होते. पहिल्या दोघी. एकदा संघात नाव आलं की हा काय बंद करतोय, तोवर केस जपायचे, असं तिने ठरवून टाकलं.

शिट्टी झाली. कठड्याला धरून कमल उभी राहिली. जाताना तेजल सगळ्यांच्या पुढे होती. परतीला टोपी सरकली. आधी कपाळावरून वर, मग चष्म्याचा पट्टा घेऊन निघालीच. अंबाडा सुटला, ओली वेणी तोंडावर आली. तेजलने ती मागे सारायला एक हात वर घेतला, तेवढ्यात शेजारच्या दोघी पुढे गेल्या.

तिसरी.

प्रीतम सरांनी पाण्यावर तरंगणारी टोपी उचलली. आतून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"तेल? अगं, शंभरदा सांगितलं ना, टोपी निसटते! कुणी लावलं?"

कठड्यापलीकडे कमलचे ओठ हलले.

"मीच लावलं, सर," तेजल म्हणाली. आईकडे तिने पाहिलं नाही.

"मग भोग आता."

बसमध्ये तेजल खिडकीशी बसली. कमलने डबा उघडून पुढे केला, तिने मान हलवली.

"सांगायचं ना माझं नाव."

"तू काय मुद्दाम केलंस?" एवढंच ती म्हणाली, आणि ते 'कशाला केलंस' म्हणण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी धम्मपाल आला. निवडीचं त्याने विचारलं नाही. दिव्याखाली बसलेल्या तेजलच्या वेणीवरून त्याने हात फिरवला आणि खूश झाला.

"बघ, आज कसे मऊ लागतायत. मनावर घेतलंस की जमतं तुला, कमल."

तेजल उठून आत गेली.

कमल मोरीत बसून टोपी धूत होती. साबण लावला, कोमट पाणी घेतलं, तरी आतला गुळगुळीतपणा बोटांना लागतच होता. तिने ती पुन्हा धुतली, पदराने पुसली, रबर चिकटू नये म्हणून आत पावडर भुरभुरली आणि तेजलच्या पोहायच्या पिशवीत ठेवली.

ती पिशवी उद्या तलावावर जाणार की माळ्यावर, हे तिला कुणी विचारलं नाही.