फोनवर घाई नाही

वाचताना तुम्हाला वाटेल, काय फडाफडा बोलते ही बाई. लिहिताना मी अशीच आहे. तोंड उघडलं की मात्र गाडी अडते, आणि 'च' आला की पार रुतते. लाँड्रीत लागल्यापासून मी कॉफी पितेय. मला ती जराही आवडत नाही. पण 'चहा' म्हणून होईपर्यंत किटली पुढे गेलेली असते.

आता लाँड्रीत दिवसभर तोंडी शब्द कोणता, तर चादरी. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, ढीगच्या ढीग. जुन्या सुपरवायझरने काम सोडलं तेव्हा मालकीणबाईंनी मला बोलावलं. जागा तुझीच आहे, म्हणाल्या, पण रोज सकाळी सगळ्यांना समोर उभं करून कामं वाटावी लागतील, तीही तोंडाने. महिनाअखेरीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर रेडिओला देईन.

रेडिओ म्हणजे आमचा इस्त्रीवाला. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, आणि दवाखान्याच्या चादरी हॉटेलात पाठवण्यात एक नंबर. मी अडखळले की माझं वाक्य हाच पुरं करतो, आणि तेही हटकून चुकीचं. हा माझ्या डोक्यावर बसणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

घरी येऊन मोबाइलवर शोधलं. एका बाईंचा बोलण्याचा ऑनलाइन क्लास सापडला. वेबसाइट झकास होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'बोलताना अडखळता? आजच फोन करा!' खाली नंबर. प्रवेशाची दुसरी वाटच नाही. म्हणजे पोहायला शिकायचंय ना, मग नदी पोहून पलीकडे या, क्लास तिकडे आहे. हसावं की रडावं कळेना.

दादा म्हणाला, आण इकडे, मी करतो फोन. शिकायचंय मला, तुला नाही, असं त्याला ठणकावलं, म्हणजे जेवढं ठणकावता आलं तेवढं. मग स्वतःच केला. पलीकडे कुणी म्हातारी. कोण, कोण बोलतंय, असं विचारत राहिली. मला म्हणायचं होतं, चौकशी करायची आहे. निघाला नुसता श्वास. मेल्यांना कामधंदे नाहीत, म्हणत तिने फोन आपटला. पुन्हा केला, तर पोलिसांची धमकी.

चिडले की माझी बोटं आवरत नाहीत. बाईंच्या एका व्हिडिओखाली लिहिलं, "ज्याला फोनवर धड बोलता येतं, तो तुमच्याकडे येईल कशाला? आणि माणूस अडखळला की मागे ते गमतीचं संगीत वाजतं, ते कुणाला हसवायला?"

बाईंचं उत्तर लगेच आलं. चुकलंच, त्यांनी लिहिलं. फोन त्यांची आई उचलते. वर्षभर असे मुके फोन येत होते म्हणून ती वैतागलेली. ते फोन कुणाचे होते, हे मायलेकींना माझं लिहिलेलं वाचून कळलं. आई त्या दिवशी जेवली नाही म्हणे. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. इतके जण होते तर माझ्यासारखे.

बाईंनी मलाच सगळी वेबसाइट तपासायला दिली, आणि मीही हात धुऊन मागे लागले. लिहून कळवायची सोय झाली. व्हिडिओंखाली अक्षरं आली, संगीत गेलं. 'अडखळणं विसरा' ही जाहिरातीची ओळही काढायला लावली. विसरायचं कुणाला होतं? अडखळत का होईना, मला कामं वाटायची होती. बाई तर फोन नंबरच काढायला निघाल्या होत्या. मी लिहिलं, नंबर राहू द्या, आईंना फक्त थांबायला शिकवा.

क्लासात मला बाईंनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा शिकवली. अवघड शब्द टाळून सोपा घ्यायचा नाही. थांबायचं, आणि तोच म्हणायचा.

महिनाअखेरीच्या सकाळी सगळे समोर उभे राहिले. मालकीणबाई दाराशी.

"आज दवाखान्याच्या च... च..."

"चपला," रेडिओ म्हणाला. सगळे हसले. खरं सांगते, मलाही हसू आलं.

"व-वाक्य माझं आहे," मी म्हटलं. "मीच पुरं करणार."

मी थांबले, तेही थांबले.

"च-चादरी आधी."

बाकीची कामंही तशीच वाटली. वेळ लागला, पण त्या दिवशी एकही चादर चुकीच्या गाडीत गेली नाही. मालकीणबाईंनी गोदामाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

दुपारी मी तोच नंबर फिरवला. आईंनी उचलला. मी गप्प. पलीकडे टपटप आवाज येत होता.

"सावकाश हं," त्या म्हणाल्या. "मी शेंगा सोलतेय, मला घाई नाही."

डोळे भरून आले माझे.

"आई, मी च... च... चहा पितेय."

माझं कॉफीचं रडगाणं आणि आजची परीक्षा, दोन्ही त्यांना बाईंकडून कळलेलं होतं. टपटप थांबली.

"म्हणजे जागा मिळाली तर," त्या म्हणाल्या. "पण मागेपर्यंत थंड झाला असेल गं."

"झ-झाला," मी म्हटलं. "किटलीवाला थांबला होता, पण. सगळा प्यायले."