जस्त कमी कसं झालं?

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या स्वभावाला दोन नावं होती. तोंडावर 'शिस्तीच्या', पाठीमागे 'तिखट'. दोन्ही माझ्या कानावर यायची आणि खरं सांगायचं तर दोन्हींचा मला अभिमान होता. सव्वीस वर्षं दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर रक्त तपासलं. गोड बोलून नमुने शुद्ध राहत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी एक अभ्यास काढला. तोंडात पांढरे चट्टे पडलेली किंवा आतून गाल ताठ झालेली माणसं त्यांच्याकडे येत. कॅन्सर झालेला नसतो, पण दाराशी येऊन उभा असतो. अशांच्या रक्तातलं तांबं, जस्त आणि लोह धडधाकट माणसांपेक्षा वेगळं असतं का, हे त्यांना पाहायचं होतं. हे धातू रक्तात इतके कणभर असतात की साध्या पाण्याने धुतलेल्या नळीतली घाणसुद्धा आकडा फुगवते. म्हणून आमच्या नळ्या आधी अॅसिडमध्ये भिजत घालायच्या आणि मग शुद्ध पाण्यातून काढायच्या. हे काम एक मावशी करत, माझ्याआधीपासून.

चट्टेवाले चाळीस जण लवकर मिळाले. अडलं ते निरोगी चाळिसांवर. ज्याला काही झालेलं नाही तो सुईपुढे हात कशाला करेल? मी ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना हाका मारल्या. कुणाला वेळ नव्हता, कुणाला चक्कर येत होती. माझा धाकटा भाऊ मात्र एका हाकेत आला.

धाकटा फरशी बसवतो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीस. त्याची आई मीच झाले, आणि बापही मीच. आठ वर्षांपूर्वी त्याच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली तेव्हा त्याच्या सासू-सासऱ्यांसमोर मी त्याची अशी बिनपाण्याने केली की भावजय रडायला लागली. तीन महिने त्याच्याशी बोलले नाही. शेवटी त्याने मुलीची शपथ घेतली, पुन्हा हात लावणार नाही म्हणून. विषय मिटला. निदान माझ्यापुरता मिटला.

तो आला, बाही वर केली. फॉर्म मीच भरत होते. 'तंबाखूचे सेवन?' या प्रश्नापुढे मी त्याला न विचारताच 'नाही' लिहिलं. विचारायचं काय? मीच तर सोडवली होती. खाली 'तोंड तपासले' असा रकाना होता. ते मॅडमनी तपासायचं असतं, पण त्या ऑपरेशनमध्ये होत्या.

"ताई, तोंड बघायचं ना?" त्याने विचारलं.

"तुझं तोंड मी जन्मापासून बघतेय," म्हटलं आणि खूण करून टाकली. तो थोडा हसला. रक्त दिलं आणि कामावर निघून गेला.

आठवड्याने आकडे आले. निरोगी लोकांमधला एकोणिसावा नमुना वेडावाकडा होता. तांबं भरपूर वाढलेलं, जस्त आणि लोह खाली. थेट चट्टेवाल्यांच्या रांगेत बसेल असा. मी नळीचा नंबर पाहिला, फॉर्म पाहिला आणि माझं डोकं फिरलं. माझ्या भावाच्या रक्तात घाण! मावशींना सगळ्यांसमोर बोलावलं.

"नळ्या कुठल्या पाण्यात बुडवल्या होत्या?"

"बाई, नेहमीसारख्याच धुतल्यात. अॅसिडमध्ये पुरा दिवस होत्या."

"म्हणजे मशीन खोटं बोलतंय? चोराच्या उलट्या बोंबा!"

त्या खाली मान घालून निघून गेल्या. मी एकोणिसाव्या नमुन्यावर काट मारली आणि पुढे लिहिलं, 'दूषित.' खरं तर नियमाप्रमाणे दुसरं रक्त घ्यायला हवं होतं. पण मग भावाला सांगावं लागलं असतं की तुझ्या ताईच्या हाताखाली नमुना बिघडला. ते माझ्या जिवावर आलं. मी लिफ्टवाल्याचं रक्त घेऊन जागा भरून टाकली.

दोन दिवसांनी धाकट्याचा फोन आला. "ताई, रक्तात काय निघालं?"

"काय निघणार? ठणठणीत आहेस."

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" आणि फोन ठेवला.

सात महिने गेले. मॅडम अभ्यास लिहायला बसल्या आणि काट मारलेले नमुनेही त्यांनी तपासायला घेतले. एकोणिसाव्यापाशी थांबल्या.

"हा दूषित कसा?"

"नळीत घाण राहिली असणार. तांबं बघा ना किती आलंय."

"तांबं वाढलं ते मान्य. पण जस्त कमी कसं झालं? लोह कमी कसं झालं?"

मी आकडे पुन्हा एकदा वाचले. घाणीने धातू वाढतो. घाण रक्तातून काही काढून घेत नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे मी पहिल्याच दिवशी शिकवते, वर दटावतेही. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा दिव्याखाली अंधार.

"नुसत्या रक्तावरून काही ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. "कित्येक कारणांनी आकडे हलतात. पण या माणसाचं तोंड पाहायला हवं. कोण आहे हा?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. त्यांनी फॉर्म उलटून 'तोंड तपासले'समोरची खूण पाहिली. मग तो माझ्यापुढे सरकवला.

मी तशीच निघाले. एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं काम चालू होतं. न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून तो रबरी हातोडीने फरशी ठोकत होता. मला पाहिल्याबरोबर त्याने डावा गाल आत ओढला आणि काहीतरी गिळलं.

"तोंड उघड."

"ताई, लोक बघतायत."

"उघड म्हणते ना!"

त्याने उघडलं. पुरतं उघडेना, जेमतेम दोन बोटं जातील एवढंच. मी मोबाइलचा उजेड पाडला. डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, वर आलेली जखम. कडेला बोट लावलं तर कडा टणक. तो कळवळला नाही, आणि न दुखणारी टणक जखमच वाईट. मी डॉक्टर नाही, पण असली तोंडं सव्वीस वर्षं पाहिली आहेत.

"कधीपासून?"

"पांढरं दोनेक वर्षं आहे. मधलं हे आत्ता आलं, चार महिने झाले असतील."

चार महिने. म्हणजे मी रक्त घेतलं तेव्हा ही जखम नव्हती.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" माझा आवाज चढला. सवयीने चढला.

त्याने हातांचं सिमेंट पँटला पुसलं. "कसं सांगणार? शपथ मोडली म्हटल्यावर तू पुन्हा बोलणं टाकलं असतंस. म्हणून तर तू रक्ताला बोलावलंस तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, आपण तोंडाने सांगायला नको, ताईला रक्तातच कळेल. ओरडेल, दोन रट्टे देईल, पण न्यायचं तिथे नेईल." तो खाली बघत बोलत होता. "मग तू ठणठणीत म्हणालीस. पुन्हा विचारलं तर चिडलीस. म्हटलं, तुझ्या मशीनला दिसलं नाही म्हणजे काही नसेल."

"दिसलं होतं रे," मी म्हटलं. "मशीनला दिसलं होतं. मीच काट मारली."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाट्टेल ते बोलायचा हक्क त्याला मिळाला होता, आणि त्याने बोलावं म्हणून मी तिथे उभी होते.

"असू दे ताई," तो घाईघाईने म्हणाला. "तुला कामं का कमी असतात? तू चिडू नकोस फक्त."